स्मृतिहीन आवर्तनाचा कैवार

एक्सएमएल दस्तऐवजांवर क्रमाक्रमाने संस्कार करण्यासाठी निर्माण झालेली एक्सप्रॉक ही पाइपलाइन-भाषा वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमने ११ मे २०१० रोजी शिफारस या दर्जाने प्रसिद्ध केली, तेव्हापासून तिच्यावर जे आक्षेप घेण्यात आले त्यांपैकी कित्येक रास्त होते. पर्याय पुरवण्याची तिची पद्धत अवजड होती, पॅरामीटरांसाठी केलेली स्वतंत्र पोर्टांची तरतूद नवशिक्याला गोंधळात पाडणारी होती, आणि एक्सएमएलखेरीज अन्य जातीच्या मजकुराला तिच्या दारात जवळजवळ मज्जावच होता. २०२२ साली पूर्णत्वास गेलेल्या ३.० या आवृत्तीने (मधल्या २.० चा मसुदा तडीस गेला नाही, सबब तो आकडा वगळूनच ही आवृत्ती निघाली) हे दोष मान्य केले आणि दूरही केले. परंतु एक आक्षेप त्या भाषेच्या कर्त्यांनी मान्य केला नाही. तो त्यांनी यापुढेही मान्य करू नये असे माझे ठाम मत आहे, आणि त्या मताची कारणे सविस्तर मांडावीत एवढ्यासाठीच हा लेखप्रपंच आहे.

हा आक्षेप तिच्या फॉर-ईच या रचनेवर, म्हणजे दस्तऐवजातील घटकांवर एकामागून एक फिरणाऱ्या लूपवर आहे. दुबळा पूर्वपक्ष उभा करून त्याला चीत करण्यात पुरुषार्थ नाही, म्हणून आक्षेपकांचे म्हणणे त्यांच्याच बाजूने शक्य तितक्या बळकटपणे प्रथम सांगतो. ते म्हणतात की, ज्या आवर्तनात एका फेरीत कळलेली गोष्ट पुढच्या फेरीला सांगता येत नाही, ज्यात चलाची किंमत वाढवता येत नाही, ज्यातून मध्येच बाहेर पडता येत नाही, ते आवर्तन पंगू होय. ते पुढे म्हणतात की, निवडलेला घटक या आवर्तनात शिरताच त्याच्या आईबापांपासून तोडला जातो. मूळ दस्तऐवजात तो कोणत्या प्रकरणात, कोणत्या मथळ्याखाली होता हे आतून पाहण्याची सोय उरत नाही. आणि एक्सएसएलटी या रूपांतर-भाषेतील त्याच नावाच्या रचनेत ही सोय असताना पाइपलाइनच्या भाषेने ती हिरावून घ्यावी याला समर्थन नाही. शेवटी ते असेही म्हणतात की, जे काम पायथॉनच्या चार ओळींत होते त्यासाठी टॅगांचा एवढा पसारा मांडावा लागत असेल तर भाषेची रचनाच चुकली आहे. यांतील पहिल्या दोन मुद्द्यांत खरे तथ्य गुंतलेले आहे आणि त्यांचा विचार सावकाशीने केला पाहिजे. तिसऱ्याचा निकाल लावायला थोडकी वाक्ये पुरतील.

प्रथम वस्तुस्थिती काय आहे ती नीट पाहू. समजा, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशासारखा एखादा विशाल कोश एक्सएमएलमध्ये उतरवला आहे. मुळाशी कोश, त्याच्या पोटात अक्षरांचे विभाग आणि प्रत्येक विभागात शब्दांच्या नोंदी अशी त्याची मांडणी आहे. (या घटकांची नावे देवनागरीत ठेवायला काहीच हरकत नाही, फेब्रुवारी १९९८ मधील एक्सएमएलच्या पहिल्या शिफारशीपासूनच घटकनामात आपली अक्षरे चालत आली आहेत, आणि आपल्याकडील लोक या सवलतीचा लाभ घेत नाहीत याची मला खंत वाटते.) आता फॉर-ईचला एक्सपाथ या घटक निवडणाऱ्या भाषेतून एवढेच सांगितले की या दस्तऐवजातील प्रत्येक नोंद उचल, म्हणजे प्रत्येक नोंदीभोवती एक नवा दस्तऐवज-नोड गुंडाळला जातो, ती नोंद स्वतःच एक स्वयंपूर्ण दस्तऐवज बनते, आणि ‘करंट’ नावाच्या पोर्टावरून आतल्या उप-पाइपलाइनीच्या हाती येते. आत मग पडताळणी असो, एक्सएसएलटीचे रूपांतर असो, की फाइल साठवण्याची पायरी असो. प्रत्येक फेरीत जे निष्पन्न होते ते निवडीच्याच क्रमाने एकापुढे एक जोडले जाऊन दस्तऐवजांची मालिका म्हणून बाहेर पडते. निवडीत एकही नोंद न सापडल्यास आतली पाइपलाइन मुळीच चालत नाही आणि रिकामी मालिका बाहेर येते. त्यात कोणतीही चूक मानली जात नाही.

या वर्णनात एक गोष्ट ठळकपणे दिसते, ती ही की येथे मोजणारा कोणी नाही. सी भाषेतील लूप ही यंत्राला दिलेली हुकमांची यादी असते: अमुक आकड्यापासून आरंभ कर, अमुक अट मोडेपर्यंत चाल, दर फेरीला आकडा एकाने वाढव. फॉर-ईच मात्र हुकूम देत नाही, संबंध सांगते: या घटकांपैकी प्रत्येकावर हा संस्कार झाला पाहिजे आणि निष्पत्ती या क्रमाने मांडली गेली पाहिजे. कचेरीत दाखल झालेल्या प्रत्येक अर्जाचा निकाल त्या अर्जासोबतच्या कागदपत्रांवरूनच द्यावा, आदल्या अर्जदाराचे काय झाले हे त्यात येऊ देऊ नये, असा जो दंडक न्यायाने चालणाऱ्या दप्तरात असतो, तोच येथे भाषेच्या घडणीत बसवला आहे. आक्षेपक ज्याला पंगुत्व म्हणतात ते हेच. आणि माझे सारे प्रतिपादन असे आहे की या रचनेची विश्वसनीयता सर्वस्वी याच एका नियमावर उभी आहे.

स्मृती असलेल्या आवर्तनाने दस्तऐवजाचे काय होते याचा दाखला दूर शोधायला नको. ब्राउझरांत आणि अन्यत्र सर्रास वापरल्या जाणाऱ्या डॉम या प्रतिमानात टॅगच्या नावावरून घटकांची यादी मागितली असता जी यादी हाती येते ती जिवंत असते. दस्तऐवजात बदल झाला की यादीही त्याच क्षणी बदलते. आता एखाद्या प्रकरणात दहा तळटीपा आहेत आणि त्या सर्व काढून टाकायच्या आहेत असे समजू. प्रोग्रामर शून्यापासून आरंभ करून, आकडा यादीच्या लांबीपेक्षा कमी आहे तोवर, त्या त्या क्रमांकाची टीप काढत जातो. पहिली टीप काढताच यादी आक्रसते, दुसरी टीप पहिल्या जागी सरकते, आणि आकडा तर पुढे गेलेला असतो. म्हणून नंतर निघते ती मुळातली तिसरी, मग पाचवी, सातवी, नववी. इतके झाल्यावर आकडा पाचावर येतो, यादीची लांबीही पाचच उरलेली असते, आणि लूप समाधानाने थांबते. दुसरी, चौथी, सहावी, आठवी आणि दहावी या टिपा जागच्या जागी शाबूत राहतात. यंत्र कोणतीही तक्रार करीत नाही, कोणताही संदेश येत नाही, आणि ज्याने हे लिहिले त्याने पहिली एक-दोन पाने चाळून पाहिली नाहीत तर निम्मे काम राहून गेल्याचा त्याला पत्ताही लागत नाही. आक्षेपक ज्या पायथॉनचे नाव घेतात तेथील एलिमेंट-ट्री या लायब्ररीच्या अधिकृत माहितीपत्रकातही, घटकांवर फिरत असतानाच त्यांत फेरफार केल्यास घोटाळा होऊ शकतो अशी सूचना देणे कर्त्यांना भाग पडले आहे.

हा घोटाळा लिहिणाऱ्याच्या निष्काळजीपणाचा नाही. जी वस्तू आपण मोजत आहोत तीच आपण मोजता मोजता बदलत आहोत, आणि पुढचे पाऊल कोठे टाकायचे हे मागच्या पावलाच्या परिणामावर सोडले आहे, या दुहेरी व्यवहारातून तो अटळपणे जन्म घेतो. एक्सप्रॉकमध्ये तो संभवतच नाही. तेथे कोणतीही पायरी आपल्याकडे आलेल्या दस्तऐवजाला हात लावीत नाही, ती नवा दस्तऐवज घडवून पुढे पाठवते. निवड मूळ दस्तऐवजावर होते आणि आतल्या फेऱ्यांत काहीही घडले तरी त्या निवडीवर त्याची सावली पडत नाही. शिवाय तळटीपा काढण्यासाठी तेथे आवर्तनाची गरजच नाही. डिलीट नावाची पायरी जुळणीचा नमुना घेते आणि त्या नमुन्यात बसणारे सर्व नोड एकदम काढते. नाव बदलणारी, अ‍ॅट्रिब्यूट जोडणारी, मजकूर बदलणारी अशा पायऱ्याही याच धर्तीवर आहेत. अन्य भाषांची सवय घेऊन येणारा मनुष्य जेथे जेथे लूप लिहायला बसतो तेथील पुष्कळशा जागी एक्सप्रॉकमध्ये एकच पायरी पुरते, आणि लूप पंगू असल्याची फिर्याद करणाऱ्याने आधी या पायऱ्यांची यादी वाचलेली असावी एवढी अपेक्षा गैरवाजवी नाही.

आता आक्षेपक असे म्हणतील की, खुद्द एक्सएसएलटीनेही अखेर स्मृतीची आवश्यकता ओळखलीच ना? हा युक्तिवाद दिसायला बिनतोड आहे, परंतु त्याचा इतिहास तपासला तर तो माझ्याच बाजूने साक्ष देतो. १६ नोव्हेंबर १९९९ रोजी जेम्स क्लार्क यांच्या संपादनाखाली एक्सएसएलटीची पहिली शिफारस निघाली तेव्हापासून, चलाची किंमत बदलता येत नाही ही तक्रार त्या भाषेच्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याने केली आहे. ८ जून २०१७ रोजी मायकेल के यांच्या संपादनाखाली ३.० ही आवृत्ती शिफारस म्हणून सिद्ध झाली तेव्हा, एका फेरीतून पुढच्या फेरीला किमती सोपवणारी आणि मध्येच थांबवता येणारी ‘इटरेट’ नावाची सूचना तीत अवतरली, हे खरे आहे. परंतु तिच्या कर्त्यांनी जुन्या फॉर-ईचला स्मृती दिली नाही. ती होती तशीच ठेवली. तिच्या फेऱ्या वाटेल त्या क्रमाने किंवा समांतरही चालवण्याची मुभा प्रोसेसरला राहिली, फक्त निष्पत्ती योग्य क्रमाने जुळली म्हणजे झाले. आणि जेथे क्रमाची आणि स्मृतीची खरोखर जरूर आहे तेथे वेगळ्या नावाची, वेगळ्या जबाबदारीची दुसरी सूचना उभी केली, की जी वाचताच वाचणाऱ्याला कळावे की येथे एक फेरी दुसरीवर विसंबून आहे. सॅक्सन या एक्सएसएलटी-प्रोसेसरच्या व्यापारी आवृत्तीत फॉर-ईचवर एक अ‍ॅट्रिब्यूट लावून तिच्या फेऱ्या अनेक थ्रेडांत वाटता येतात; हे औदार्य ती रचना स्मृतिहीन असल्यामुळेच शक्य झाले. तिच्यात एक मोजणारा चल घुसवा, आणि ती मुभा त्याच क्षणी संपली.

एक्सप्रॉकच्या पहिल्या शिफारशीत याच विषयावर एक छोटीशी टीप आहे, आणि आक्षेपकांनी ती ध्यानपूर्वक वाचावी अशी माझी विनंती आहे. चालू फेरीचा क्रमांक सांगणारे आणि एकूण फेऱ्या किती हे सांगणारे अशी दोन फंक्शने त्या भाषेत आहेत. यांपैकी एकूण संख्या सांगायची तर सर्व मालिका आधी साठवून ठेवावी लागू शकते, म्हणून ज्या एक्सपाथ-राशींची किंमत काढायची आहे त्यांत त्या संख्येचा निर्देश कोठेही नसेल तर प्रोसेसरने ती काढण्याची गरज नाही, असे तेथे सांगितलेले आहे. केवळ किती एवढे विचारल्याने जर साऱ्या प्रवाहाला थांबून राहावे लागण्याची पाळी येते, तर प्रत्येक फेरीने मागच्या सर्व फेऱ्यांचा हिशेब वाहावा असे म्हणणाऱ्याने त्याची किंमत काय पडेल याचा अंदाज केला पाहिजे. १९६४ साली डग्लस मॅकिलरॉय यांनी प्रोग्राम एकमेकांना नळीसारखे जोडता यावेत असे टिपण लिहिले आणि १९७३ साली केन थॉम्प्सन यांनी युनिक्समध्ये ते प्रत्यक्षात आणले, तेव्हापासून पाइपलाइन या कल्पनेचे सारे सामर्थ्य, एका टप्प्याने दुसऱ्या टप्प्याच्या अंतरंगाची विचारपूस करू नये, या संयमातच राहिले आहे.

तथापि काही कामांना मागची आठवण खरोखर लागते, आणि ती कामे नाहीतच असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. यांतील सर्वांत सामान्य काम क्रमांक देण्याचे. कोशातील नोंदींना सलग अनुक्रमांक हवे असतील तर आवर्तनात शिरण्यापूर्वी लेबल-एलिमेंट्स ही पायरी एकदा चालवावी. ती प्रत्येक जुळणाऱ्या घटकावर क्रमवार खूण उमटवते, आणि मग ती खूण त्या घटकाचीच होऊन त्याच्याबरोबर आत जाते. बेरजा आणि गणती एक्सपाथच्या एका राशीने बाहेरच होतात. याहून बिकट काम म्हणजे निष्पत्ती स्थिर होईपर्यंत तोच संस्कार पुन्हा पुन्हा करणे, उदाहरणार्थ एका फाइलीत दुसरीचा निर्देश, दुसरीत तिसरीचा, असे निर्देश संपेपर्यंत मागोवा घेत राहणे. येथे घटकांची संख्या आधी ठाऊकच नसते, म्हणून फॉर-ईच येथे कामाची नाही. स्वतःलाच बोलावणारी पायरी घोषित करावी लागते आणि अटीनुसार वाट निवडणाऱ्या चूज या रचनेने तिला थांबवावे लागते. ही वाट नवशिक्याला अवघड आहे हे मी मान्य करतो. एक्सप्रॉकच्या संपादकांपैकी नॉर्मन वॉल्श यांनाही ती अवघड वाटली असावी, कारण त्यांनी स्वतः लिहिलेल्या कॅलाबॅश या प्रोसेसरात, निष्पत्तीत फरक पडेनासा होईपर्यंत आतली पाइपलाइन फिरवत ठेवणारी एक वेगळी पायरी विस्तार म्हणून पुरवली. पण तिची जागा पाहा: ती त्यांनी स्वतंत्र नामावकाशात, स्वतंत्र नावाने ठेवली. जो मनुष्य भाषेचा संपादक होता आणि प्रोसेसरचा कर्ताही होता, त्यालाही ही गरज फॉर-ईचच्या पोटात कोंबावी असे वाटले नाही.

आता दुसऱ्या, अधिक जिव्हाळ्याच्या आक्षेपाकडे वळतो. नोंद आवर्तनात शिरली की तिच्या पूर्वजांचा मार्ग बंद होतो. ‘क’ या विभागातील नोंद ‘क’ विभागातली आहे हे आतल्या एक्सएसएलटीला विचारता येत नाही, कारण त्या नोंदीच्या वर आता केवळ एक कोरा दस्तऐवज-नोड आहे. एक्सएसएलटीत वर्षानुवर्षे काम केलेल्या मनुष्याला हा धक्का बसतो, आणि त्याची चीड मला समजू शकते. परंतु त्याने एका प्रश्नाचे उत्तर द्यावे. ज्या पायरीला आपण ही नोंद देतो ती पायरी, समजा रिलॅक्स एनजी या स्कीमा-भाषेची पडताळणी, ही नोंद एका स्वतंत्र फाइलीत ठेवून तिला दिली असती तर जो निकाल तिने दिला असता तोच निकाल तिने आवर्तनात द्यावा की नाही? द्यावा असे म्हणत असाल तर तिच्या दृष्टीला पूर्वज दिसता कामा नयेत; कारण पूर्वज दिसू लागले की एकच नोंद एका जागी शुद्ध आणि दुसऱ्या जागी अशुद्ध ठरण्याचा मार्ग मोकळा झाला, आणि मग एकट्या नोंदीवर केलेल्या चाचणीला काही अर्थ उरला नाही. मोठ्या ग्रंथाच्या संस्करणात बिघाड शोधण्याचा एकमेव खात्रीचा उपाय म्हणजे संशयित प्रकरण वेगळे काढून त्यावर तीच पायरी पुन्हा चालवून पाहणे, आणि तो उपाय केवळ या तुटलेपणामुळे शाबूत आहे.

शिवाय पूर्वजांची माहिती आत नेता येत नाही हे विधान मुळातच खरे नाही; ती आपोआप जात नाही, एवढेच खरे. बाहेरची लूप विभागांवर फिरवावी, विभागाचे अक्षर एका चलात घ्यावे, आणि आतली लूप त्या विभागाच्या नोंदींवर फिरवावी. बाहेर घोषित केलेला चल आतल्या पायऱ्यांना वाचता येतो. अथवा आरंभीच एका रूपांतराने प्रत्येक नोंदीवर तिच्या विभागाचे अक्षर अ‍ॅट्रिब्यूट म्हणून लिहून टाकावे. दोन्ही मार्गांत लिहिणाऱ्याला हे उघडपणे सांगावे लागते की माझा हा संस्कार नोंदीबाहेरच्या या एका गोष्टीवर अवलंबून आहे. पाच वर्षांनी ती पाइपलाइन दुसऱ्याच्या हाती जाते तेव्हा त्याला हे अवलंबन कागदावर लिहिलेले सापडते, कोणत्या तरी टेम्प्लेटच्या खोल पोटातील वर चढणाऱ्या एक्सपाथमध्ये ते हुडकत बसावे लागत नाही.

येथे मात्र एक सापळा आहे, आणि फॉर-ईचचा कैवार घेणाऱ्याने तो लपवून ठेवणे बरे नव्हे. घटक एकमेकांच्या पोटात असतील, उदाहरणार्थ विभागात उपविभाग आणि दोन्हींचे नाव एकच, आणि निवड ‘कोठेही असलेला प्रत्येक विभाग’ अशी केली असेल, तर बाहेरचा विभाग त्याच्या उपविभागासह एकदा येतो आणि तोच उपविभाग स्वतंत्रपणे पुन्हा येतो. मजकूर दुबार होतो. शिफारशीच्या मजकुरात याची जाणीव दिलेली आहे. जेथे घटकाचे संस्कारित रूप मूळ दस्तऐवजात त्याच जागी परत बसवायचे असते तेथे फॉर-ईच वापरूच नये. व्ह्यूपोर्ट ही तिची सख्खी बहीण त्या कामासाठी आहे. ती जुळलेला घटक उचलून त्याच्या संपूर्ण फांदीवर एक एकक म्हणून संस्कार करते, त्या फांदीच्या आत पुन्हा जुळणी शोधत नाही, आणि निष्पत्ती मूळ जागी ठेवते. म्हणून दुबारपणाचा प्रश्न तेथे उद्भवत नाही. फॉर-ईच एक्सपाथची राशी घेते आणि व्ह्यूपोर्ट जुळणीचा नमुना घेते, हा भेद शिकवणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी सांगायला हवा. मी पाहिलेल्या तक्रारींपैकी निम्म्या तरी फॉर-ईचविरुद्ध नसून, व्ह्यूपोर्टचे काम फॉर-ईचकडे सोपवल्यामुळे उद्भवलेल्या आहेत. आणखी एक अशीच गफलत निष्पत्तीच्या बाबतीत होते: फॉर-ईचमधून नेहमी मालिका बाहेर पडते, आणि पुढची पायरी एकच दस्तऐवज स्वीकारणारी असेल तर पाइपलाइन तेथेच मोडते, मालिकेला एका मूळ घटकात गुंडाळणारी रॅप-सीक्वेन्स ही पायरी मध्ये घातली की काम पुढे चालते.

फेरी मध्येच मोडली तर काय, हा प्रश्न आक्षेपक सहसा विचारत नाहीत, परंतु प्रत्यक्ष कामात तोच सर्वांत महत्त्वाचा असतो. साठ हजार नोंदींपैकी एक नोंद अशुद्ध निघाली आणि पडताळणीने चूक उगारली, तर ती चूक वरवर चढत साऱ्या पाइपलाइनीला खाली बसवते. ट्राय-कॅचची रचना लूपच्या बाहेर बांधली तर एका नोंदीपायी बाकी सर्व नोंदींची निष्पत्ती वाया जाते. तीच लूपच्या आत बांधली तर सदोष नोंद तेवढी बाजूला पडते, तिच्या चुकीचा अहवाल कॅचला एक्सएमएलमध्ये वाचायला मिळतो, आणि उरलेल्या नोंदी आपापल्या वाटेने जातात. हे इतक्या सरळपणे जमते याचे कारण पुन्हा तेच: मोडलेल्या फेरीने पुढच्या फेरीसाठी काही सोपवायचे राहिले आहे असे कधी होतच नाही. स्मृती वाहणाऱ्या लूपमध्ये एक फेरी मोडली की तिच्यानंतरच्या प्रत्येक फेरीचा हिशेब संशयास्पद होतो.

पसाऱ्याचा आक्षेप मी थोडक्यात निकालात काढतो. १.० मध्ये लूपचा उगम सांगण्यासाठी स्वतंत्र घटक लिहावा लागे आणि ते खरोखर कंटाळवाणे होते, ३.० मध्ये तो घटक काढून अन्य सर्व पायऱ्यांना लागू असलेलीच रीत येथेही लागू केली आहे, आणि जेएसओएन, साधा मजकूर यांवरही आता फिरता येते. पायथॉनच्या चार ओळींत निवड होते, फेरी होते. पण प्रत्येक घटकाचा स्वतंत्र दस्तऐवज, क्रमाची हमी, रिकाम्या निवडीचा निश्चित अर्थ, या गोष्टी त्या चार ओळींत नसतात, त्या लिहिणाऱ्याच्या लक्षात राहिल्या तर पुढच्या चाळीस ओळींत येतात.

या वादाला केवळ प्रोग्रामरांच्या आवडीनिवडीचा वाद समजू नये. डेझी पाइपलाइन या नावाची व्यवस्था ग्रंथांचे एक्सएमएल घेऊन त्यांपासून ईपब, बोलकी पुस्तके आणि ब्रेल तयार करते; तिच्या दुसऱ्या पिढीची बांधणी एक्सप्रॉकवर आणि कॅलाबॅशवर झाली. या व्यवस्थेतून निघणारा ग्रंथ जो वाचतो त्याला छापील प्रत डोळ्यांसमोर धरून ताडून पाहता येत नाही. डॉमच्या जिवंत यादीने ज्याप्रमाणे दहांपैकी पाच टिपा गुपचूप मागे ठेवल्या, त्याप्रमाणे एखाद्या आवर्तनाने प्रकरणातील एकाआड एक परिच्छेद गाळले, तर डोळस वाचकाला पान विचित्र दिसेल आणि तो प्रकाशकाकडे दाद मागेल. अंध वाचकाला मात्र लेखकाचे विचारच तुटक वाटतील, आणि तो दोष लेखकाला किंवा स्वतःच्या आकलनाला देईल. लायपझिगमधील ले-टेक्स या संस्थेने ट्रान्सपेक्ट नावाने प्रकाशकांसाठी उभारलेली रूपांतर-व्यवस्थाही एक्सप्रॉकवरच चालते, आणि तेथेही शेवटी कोणाच्या तरी ग्रंथातील प्रत्येक परिच्छेद, प्रत्येक टीप, प्रत्येक कोष्टक त्या लूपमधून सहीसलामत पार पडेल या भरवशावरच सारे काम उभे असते.

म्हणून या भाषेच्या पुढील आवृत्तीचे काम ज्यांच्या हाती आहे त्यांच्याकडे माझी मागणी स्पष्ट आहे. निष्पत्ती स्थिर होईपर्यंत फिरणारी, एका फेरीतून दुसऱ्या फेरीला किमती सोपवणारी एखादी पायरी भाषेत अवश्य यावी. तिची गरज खरी आहे आणि विस्तारांच्या नामावकाशात तिला किती काळ ताटकळत ठेवायचे याचा विचार व्हावा. पण ती स्वतंत्र पायरी म्हणून, स्वतंत्र नावाने यावी. फॉर-ईचला बदलणारा चल, मध्येच थांबवण्याची सूचना किंवा पूर्वजांकडे जाणारी चोरवाट यांपैकी काहीही देऊ नये. या तिन्ही बाबतींत ती २०१० साली जशी होती तशीच ठेवावी.